चार बोटं उघडं दार

नव्या सॉफ्टवेअरमध्ये मेघमळ्याची जुनी फाइल उघडली तेव्हा घरं आली, पण दारं आली नाहीत.

भिंती आल्या, उतरती छपरं आली, अंगणातली तुळशीवृंदावनंसुद्धा जिथल्या तिथे आली. फक्त जिथे पुढचं दार असायला हवं तिथे प्रत्येक घराला एकेक काळा ठिपका होता, बाळाच्या गालावर तीट लावावी तसा. केतकी आहेर खुर्चीत मागे रेलून त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. आपल्याकडून एखादी वस्तू हरवली आहे हे संगणक इतक्या साधेपणाने कबूल करतो, याचं तिला दरवेळी नवल वाटे. माणसांना ते जमत नाही असं तिचं मत होतं, आणि ते तिने स्वतःवरूनच बनवलं होतं.

नाशिकमधल्या एका नावाजलेल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात तिची सगळी नोकरी झाली होती. ऑफिसातले लोक तिला ग्रंथपाल म्हणत, आणि तिच्या ग्रंथालयात पुस्तक मात्र एकही नव्हतं. ती सांभाळायची ती लायब्ररी दारं, खिडक्या आणि जिन्यांची होती. घराचा आराखडा संगणकावर करताना कोणी रेघा मारून दार काढत बसत नाही. ते लायब्ररीतून उचलायचं आणि भिंतीत बसवायचं. ते नुसतं चित्र नसतं, छोटासा प्रोग्रॅम असतो. त्याला रुंदी सांगा, उंची सांगा, कुठल्या बाजूला उघडायचं ते सांगा, की तो स्वतःला त्या मापात बसवून घेतो. सॉफ्टवेअरची नवी पिढी आली की तिला जुन्या लायब्ररीची भाषा कळेनाशी होते. मग प्रत्येक जुन्या वस्तूसाठी नवी वस्तू शोधायची, जुनीची मापं नवीला समजावायची आणि सगळं बिऱ्हाड हलवायचं. याला स्थलांतर म्हणतात. ते म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी येतात तसलं काही का, असं शेजारणीने एकदा विचारलं होतं, आणि केतकीने हो म्हणून टाकलं होतं.

पूर्वी हे काम कंटाळवाणं असलं तरी निरुपद्रवी होतं. कागदावरचं दार चुकलं तर कागदावरच चुकायचं. पण मग घरं शिकू लागली. आता घर बांधून झालं तरी त्याची फाइल मिटत नाही. बिजागरीत चिमुकली मोटार असते, चौकटीत सेन्सर असतात, आणि भिंतीतलं खरं दार फाइलमधल्या दाराशी दिवसभर बोलत असतं. रोज ठरावीक वेळी कोणी दार उघडलं, की फाइलमधल्या दारात त्या वेळेपुढचा एक आकडा वाढतो. खंड पडला की तो हळूहळू उतरतो. आकडा पुरेसा वाढला की त्या वेळी दार आपणहून उघडतं. गवतातून रोज चालत गेलं की पाऊलवाट पडते आणि कोणी फिरकेनासं झालं की बुजते, तेवढंच त्यातलं विज्ञान. या आकड्यांना ऑफिसात सगळे सवय म्हणत.

आणि नेमकी या सवयीनेच मेघमळ्यात घोळ घातला होता.

मेघमळा ही इगतपुरीच्या पुढे डोंगरउतारावरची वसाहत, चाळीसेक बैठ्या घरांची, बहुतेक निवृत्त माणसांची. तिथली सगळी दारं पहिल्या दिवसापासून दिवेलागणीला आपणहून चार बोटं उघडत आणि तशीच किलकिली राहत. इतकी वर्षं कोणी तक्रार केली नव्हती. पण एका रहिवाशाचा मुलगा सुट्टीला आला, संध्याकाळी आईबाबांचं दार उघडं बघून घाबरला आणि त्याने बिल्डरला फैलावर घेतलं. बिल्डरने देवरे मॅडमना घेतलं. देवरे मॅडम ऑफिसच्या मालकीण, त्या कोणावर ओरडत नसत, फक्त चष्मा काढून ठेवत.

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि केतकीला म्हणाल्या की एवढं डोकं लावायचं कारण नाही. महिनाअखेर जुनं सॉफ्टवेअर बंदच होतंय. नव्यात दाराचा आकार जाईल, मापं जातील, सवय जाणार नाही. सवय ही माणसाची खासगी चीज, तिच्या मालकाच्या होकाराशिवाय ती हलवायची नाही असा आता कायदाच आहे. तेव्हा सगळी दारं शून्यावर आणावीत, की प्रश्न मिटला.

केतकीने मान हलवली, पण तिच्या मनात वेगळाच किडा वळवळत होता. मेघमळ्याची घरं तेव्हा नवीकोरी होती. माणसं राहायला येण्याआधीच दारांना सवय लागलीच कशी?

उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ऑफिसातल्या कोणालाही ते ठाऊक होतं. त्याचं नाव उचल. नवं काम आलं की लायब्ररीत जाऊन कोरं दार घ्यावं, असा नियम भिंतीवर लावलेला होता आणि तो कोणी पाळत नव्हतं. आधीच्या कुठल्यातरी घरात छान बसलेलं दार उचलायचं आणि नव्या फाइलमध्ये टाकायचं. सगळ्यांत सोपी उचल म्हणजे स्वतःच्या घराची, कारण ती फाइल हाताशी असते. दार शिकायला लागण्यापूर्वी यात काही बिघडत नव्हतं. नंतर दाराबरोबर त्याची सवयही उचलली जाऊ लागली, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मेघमळ्यातल्या लोकांनी ती सवय मोडलीही नाही. दार आपणहून उघडलं आणि कोणी लोटलं नाही, तर दाराच्या हिशेबी तोही एक होकारच.

तिने मेघमळ्याच्या दाराचा माग काढला. एका फाइलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि शेवटी ती जिथे पोचली तो पत्ता तिने दोनदा वाचला. तो इंदिरानगरातला फ्लॅट तिचाच होता. फाइलवर मालक म्हणून दोन नावं होती, केतकी आहेर आणि निनाद कोठावदे.

निनाद तिचा नवरा. आठ वर्षांपूर्वी तो सिन्नरच्या तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायला गेला आणि तिकडचाच झाला. कागदोपत्री ती दोघं अजून नवराबायकोच होती; कागद करायला वेळ मिळाला नाही, असं दोघंही आपापल्या गावात सांगत. भांडण असं मोठं झालंच नव्हतं. निनाद तेव्हा घरून काम करायचा आणि केतकीला ऑफिसातून निघवत नसे. एक दिवस तो शांतपणे म्हणाला की वाट बघण्यात माझं आयुष्य चाललंय. ते वाक्य केतकीने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, नको असलेली भेटवस्तू माळ्यावर ठेवतात तसं.

तेव्हा दिवेलागणीला किलकिलं होणारं ते दार कोणाचं, याबद्दल तिला शंका उरली नाही. निनाद वाट बघायचा, आणि दार ते शिकलं होतं. नवऱ्याचं वाट बघणं चाळीस घरांत जाऊन बसलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी ती घरी आली, किल्ली फिरवली, दारावर तळवा ठेवून क्षणभर उभी राहिली. त्या दाराची मोटार तिने कधीच बंद करून टाकली होती, आणि तेव्हापासून त्याचे आकडेही होते तिथेच थांबले होते. आत शिरून तिने नेहमीसारखी साखळी अडकवली आणि स्वयंपाकाला लागली.

सवय पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून ती मेघमळ्याला गेली. बरोबर बिल्डरचा माणूस येणार होता, तो आला नाही, ते बरंच झालं. दुपार कलली तसं खालच्या दरीतून धुकं वर चढू लागलं, आधी कुंपण गेलं, मग रस्ता गेला, मग घरांची छपरं तेवढी पाण्यावर तरंगावीत तशी उरली. दिवे लागले. आणि त्या पांढऱ्या शांततेत, वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत, एकामागून एक दारं उघडली. आवाज जवळजवळ नाहीच. प्रत्येक दारातून उजेडाची एक उभी पट्टी बाहेर आली आणि वाटेवर आडवी झाली. केतकी वाटेच्या मधोमध उभी होती. आपण हे आधी कधीतरी पाहिलंय असं तिला वाटत राहिलं, पण कधी ते आठवेना.

"आत ये ना गं, बाहेर काय भिजतेस धुक्यात," एका पट्टीतून आवाज आला.

त्या सिंधूताई बच्छाव. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांनी केतकीला बसवलं, चहा ठेवला, आणि ती कशासाठी आली ते कळल्यावर चहा गाळता गाळता थांबल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवातीला त्या दाराला फार भ्यायच्या, पाट लावून ठेवायच्या. एकदा पाट लावायचा राहिला आणि समोरचे ठेतेभाऊ आत डोकावले, बोलावलंत का म्हणून. बोलावलं नव्हतं, पण नाही कसं म्हणणार, म्हणून चहा केला. दुसऱ्या दिवशी त्या ठेत्यांच्या दारात गेल्या, तेही किलकिलं होतं. आता दिवेलागणीला अख्खी वसाहत एकमेकांकडे जा-ये करते. इकडची भाजी तिकडे जाते. गेल्या हिवाळ्यात खालच्या आळीतले निकम पडले ते अर्ध्या तासात सापडले, दार उघडं होतं म्हणून.

"आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या मी," सिंधूताई म्हणाल्या. "संध्याकाळ म्हणजे घर सोडायची वेळ. निवृत्त झाल्यावर ती वेळ खायला उठायची. आता दार म्हणतं, कोणीतरी यायचंय. आणि रोज कोणी ना कोणी येतंच. मग मी त्याला खोटं कसं म्हणू? बाकी काय हलवायचं ते हलव, पोरी, पण एवढं काढू नकोस."

निघताना केतकीने त्यांचं दार हाताने थोडं मागेपुढे करून बघितलं. ते चार बोटं सरकत होतं आणि तिथे बारीकसा हिसका बसून थांबत होतं. चौकटीत, बिजागरीत, अडणारं काहीच नव्हतं. सिंधूताई म्हणाल्या की ते नेहमी तिथंच अडतं, आतून कोणी धरल्यासारखं.

आता सवय शून्यावर आणणं म्हणजे काय हे केतकीने डोळ्यांनी पाहिलं होतं. उजेडाच्या त्या सगळ्या पट्ट्या एका संध्याकाळी विझणार होत्या आणि माणसं पुन्हा आपापल्या घरात बंद होणार होती. सवय राखायची तर ती जिथून उचलली त्या मूळ मालकाचा होकार हवा. मालक दोन होते. आठ वर्षांत तिने निनादला दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही कळवलं नव्हतं, आणि आता सांगायचं होतं की तू माझी जी वाट बघितलीस ती मला परत दे, दुसऱ्यांसाठी हवी आहे. फोन हातात घेऊन ती बराच वेळ गॅलरीत उभी राहिली. मग तिने लावला, आणि दारांच्या तांत्रिक अडचणीबद्दल इतकं कोरडं बोलली की तिची तिलाच लाज वाटली. निनादने ऐकून घेतलं आणि विचारलं, दारं बघता येतील का.

पुढच्या रविवारी तो मेघमळ्याला आला. केस पांढरे झाले होते, चालणं तेच होतं, खिशात हात घालून, जरा तिरकं. सिंधूताईंच्या घरासमोरच्या बाकावर दोघं बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती आणि तिथे केतकीने पर्स ठेवली होती. बोलायला सिन्नरचा वारा आणि नाशिकची गर्दी हे दोन विषय होते, ते संपले. धुकं आलं, दिवे लागले आणि दारं उघडली.

निनाद उठला. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालत गेला, परत आला. चित्राच्या प्रदर्शनात फिरावं तसा तो फिरत होता, आणि केतकी त्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते बघत होती. जे दिसलं ते निव्वळ आश्चर्य होतं.

"केतकी, ही माझी सवय नाही," तो म्हणाला.

ती म्हणाली की असं कसं, तू रोज वाट बघायचास, तूच तर म्हणाला होतास.

"बघायचो की. गॅलरीत. तुझी स्कूटर वळताना तिथून दिसायची. दार संध्याकाळी उघडं ठेवायची तर आपल्याकडे बंदी होती. डास येतात म्हणून तूच ओरडायचीस." त्याने सिंधूताईंच्या दाराच्या फटीत आपली चार बोटं उभी धरली. ती बरोबर मावली. "आणि मी उघडलं असतं तर एवढंच का उघडलं असतं?"

केतकी त्या बोटांकडे बघत राहिली आणि हळूहळू तिला सगळं दिसू लागलं, धुक्यातून छप्पर वर यावं तसं. चार बोटं म्हणजे साखळीची लांबी. साखळी तिने बसवून घेतली ती निनाद गेल्यानंतर, एकटी बाई राहते म्हणून. त्या वर्षी ती ऑफिसातून वेळेवर निघायची, कारण उशीर करायला काही कारण उरलं नव्हतं. घरी यायची, कुकर लावायची, आणि दिवेलागणीला साखळी अडकवून दार किलकिलं करायची. हवा यावी म्हणून, असं स्वतःला सांगायची. डास यायचे, तरी उघडायची. एक पूर्ण वर्ष. मग दार आपणहून उघडायला लागलं तेव्हा तिला त्याचा राग आला होता आणि तिने मोटार बंद केली होती. मेघमळ्याचं काम तिने त्याच वर्षी केलं होतं, आणि दार आपल्याच घराचं उचललं होतं. तारखा तिच्यासमोर होत्या, तिने त्या जुळवल्या नव्हत्या इतकंच.

वाट निनादने बघितली होतीच. पण दार जे शिकलं ते केतकीचं वाट बघणं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"साखळी मी तू गेल्यावर बसवली," ती म्हणाली.

"माहीत आहे." निनाद बाकावर बसला. या वेळी त्याने पर्स उचलून पलीकडे ठेवली. "त्या हिवाळ्यात मी दोन-तीनदा आलो होतो. जिना चढून वर, दारापर्यंत. आत दिवा होता, कुकरची शिट्टी झालेली ऐकली मी. बेलवर बोट ठेवलं, आणि साखळी दिसली. म्हटलं, हिने बंदोबस्त करून घेतलाय. आता नको."

"दार उघडं होतं, निनाद."

"साखळी लावलेली होती."

दोघांचंही खरं होतं. सिंधूताईंनी फटीतून बघितलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांनी दोघांना आत बोलावलं आणि कांद्याची भजी पुढे ठेवली. तिथेच, तेलकट बोटं पुसून, दोघांनी फोनवर होकाराचे अंगठे दिले. निनादला सिन्नरची शेवटची गाडी गाठायची होती. जाताना तो दारातून बाहेर पडला आणि दार त्याच्यामागे पुन्हा चार बोटांवर येऊन थांबलं.

महिना संपायच्या आत केतकीने स्थलांतर पुरं केलं. एकेका घरातल्या माणसाला विचारलं, सवय हवी की नको. तक्रार करणाऱ्या मुलाच्या आईने हवी म्हणून सांगितलं, आणि मुलाला मी बघते म्हणाली. दोघातिघांनी नको म्हटलं, त्यांची शून्यावर आणली. मग जुनं दार, नवं दार, मापं, सवय, अशी एकेक जोडी लावत ती पुढे गेली, आणि पडद्यावरचे काळे ठिपके एकेक करून पुसले गेले, तिथे दारं उभी राहिली. देवरे मॅडमनी चष्मा काढून ठेवला, तिच्याकडे बघितलं, आणि परत लावला. प्रत्येक दाराच्या मापांत एक रकाना होता, आपणहून जास्तीत जास्त किती उघडायचं याचा. त्यात चार बोटं होती. मेघमळ्यात तिने ती तशीच राहू दिली. ती आता त्यांची दारं होती, आणि त्यांना तेवढी फट पुरत होती.

सगळ्यांत शेवटी एक फाइल उरली, इंदिरानगरची. त्यातही एक काळा ठिपका होता. तिने दार बसवलं, सवय राखली, आणि रकान्यातली चार बोटं खोडून तिथे पूर्ण असं लिहिलं.

घरी येताना तिने हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रूड्रायव्हर घेतला. साखळीचे स्क्रू गंजले होते, निघताना चौकटीचं थोडं लाकूड घेऊनच निघाले. मोटार सुरू करून ती समोरच्या खुर्चीत बसली. कुकर लावलेला होता. बाहेर जिन्यावरचा दिवा लागला, आणि सात वर्षं गप्प असलेलं दार जरा करकरलं, चार बोटं सरकलं, तिथे क्षणभर अडलं, आणि मग सावकाश पार भिंतीला जाऊन टेकलं. समोर जिना होता, त्याच्या पायऱ्या होत्या, शेजारच्यांच्या चपला होत्या. घर एवढं उघडं तिने कधी बघितलंच नव्हतं.

तिने फोन लावला.

"निनाद, दार उघडलं. पूर्ण. साखळी काढली मी."

तो म्हणाला, "डास येतील."

"येऊ देत."

"मला तासभर तरी लागेल निघून पोचायला," निनाद म्हणाला.

केतकीने डासांची उदबत्ती शोधून काढली, पेटवून उंबऱ्यावर ठेवली, आणि दार तसंच राहू दिलं.